तिला मी पाडलं नव्हतं

मी एक जुना कृत्रिम पाय आहे. डावा, गुडघ्याखालचा. लोक मला नकली पाय म्हणतात. पूर्वी मला त्याचं वाईट वाटायचं, आता वाटत नाही. पण मित्रांनो, एक गोष्ट ठासून सांगतो: माझ्यावर जे वजन पडलं, ते कधीच नकली नव्हतं. आणि एकदा माझ्यावर जो आळ आला, तो मात्र साफ खोटा होता. त्याचीच ही हकीकत आहे.

माझा जन्म एका लांबट, पांढऱ्या धुळीने माखलेल्या कार्यशाळेत झाला. तिथल्या कारागिराने आधी माझ्या मालकिणीच्या उरलेल्या पायाभोवती प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळल्या, त्या वाळल्यावर साचा काढला आणि त्या साच्यावर माझी वाटी घडवली. या वाटीत तिचा पाय बसायचा. वाटीखाली धातूची नळी आणि नळीखाली रबरी पाऊल. पावलाला पाच बोटंही होती, पण सगळी एकाच मापाची, प्रार्थनेला उभी केलेली मुलं जशी. माझा रंग तर जगात कुणाच्याच कातडीचा नव्हता.

कारागिराने तिला दोन दांड्यांच्या मधून चालायला लावलं आणि तो मागून वाकून बघत राहिला.

"दुखतंय का?"

"दुखत नाही. बोचतंय."

"बोचतं ते मी काढतो," तो कानस उचलत म्हणाला. "दुखतं ते तुमचं तुम्ही बघायचं."

"ते बघूनच इथवर आले," ती म्हणाली.

तेव्हाच मी ओळखलं की ही बाई आपल्याला कपाटात बसू देणार नाही.

ती गाडी चालवायला शिकवायची. गावात तिची स्वतःची शाळा होती: एक खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, दारात पांढरी छोटी गाडी. तरुणपणी एका अपघातात तिचा पाय गेला होता. कुणी फार खोदून विचारलं तर ती सांगायची, "गाडी उलटली. पाय गेला, मी राहिले." बस, एवढंच. पुढे गाडीचीच भीती घालवायची म्हणून ती गाडी शिकली, मग शिकवू लागली. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून ती "क्लच! अहो, क्लच!" असं इतकं ओरडायची की सगळं गाव तिला क्लचबाई म्हणे. तिच्या तोंडावर नाही. पण तिला ठाऊक होतं, आणि मनातून ते नाव तिला आवडायचं.

तिच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेकचे पॅडल होते, आणि तो क्लच माझा होता. मला स्पर्श कळत नाही. क्लच किती दाबला गेला हे ती गुडघ्यावर येणाऱ्या भारावरून आणि इंजिनाच्या आवाजावरून ओळखायची. सुरुवातीला गाडी बेडकासारख्या उड्या मारायची. मग आमचं जमलं. असं जमलं की नव्या विद्यार्थ्यांना कित्येक दिवस काही कळायचंच नाही. कळलं की मात्र काहींचे चेहरे उतरायचे.

"बाई, तुमच्या त्या पायाने ब्रेक लागेल ना?" एका धीट गृहस्थांनी एकदा विचारलं.

"ब्रेक उजव्या पायाने लावतात," क्लचबाई म्हणाली. "तुमचे दोन्ही शाबूत आहेत. तरी अजून एकदाही वेळेवर लागलेला नाही."

माझी वर्षं अशी गेली. सकाळी जाड मोजा, दुपारी पाय सुजला की पातळ मोजा. जिन्यावर टक्-टक् आवाज. संध्याकाळी ती मला काढायची, वाटी ओल्या फडक्याने पुसायची, कोरडी करायची आणि खुर्चीला टेकवून ठेवायची. कुणी आपल्याला रोज पुसून कोरडं करतं आहे, यापेक्षा मोठं कौतुक माझ्यासारख्याला माहीत नाही.

क्लचबाईला एक धाकटी बहीण होती. लग्न होऊन परदेशात गेली होती. तिथे तिचं फुलांचं दुकान होतं आणि नवरा बोटीवर नोकरीला, म्हणजे वर्षातला बराच काळ घराबाहेर. फोनवर ती दर वेळी म्हणायची, "ताई, ये ना गं. किती वर्षं नुसतं येते येते करतेस." ताईची कारणं तयार असायची. कधी विद्यार्थ्यांची परीक्षा, कधी गाडीचं काम. शेवटी एकदा धाकटी फोनवर रडलीच. क्लचबाई म्हणाली, "बरं बाई, येते. एका पायावर तयार आहे. दुसऱ्याची मला गरजच काय?" धाकटी रडता रडता हसली आणि तिकीट ठरलं.

तिकीट काढून देणाऱ्याने प्रवासाचा आरोग्य विमाही समोर ठेवला. परदेशात आजारपण आलं, अपघात झाला, तर दवाखान्याचा खर्च विमा कंपनीने करायचा, असा तो करार. तिकीटवाला माणूस चांगला होता, पण घाईतला.

"जुना आजार काही?" त्याने विचारलं.

"रक्तदाबाची एक गोळी घेते. आणि डावा पाय कृत्रिम आहे."

त्याने पेन खाली ठेवलं आणि आवाज खाली आणला. "बाई, पायाचं कशाला लिहायचं? उगाच प्रश्न वाढतात. कोण बघायला येतंय?"

"जो पाय मी चारचौघांत घेऊन फिरते, तो कंपनीपासून लपवू? लिहा. गोळी पण लिहा."

मग तिने चष्मा लावला आणि बारीक अक्षरातल्या अटी तिथेच बसून वाचल्या. तिकीटवाला दोनदा जांभई देऊन एकदा चहा पिऊन आला. जुन्या आजारामुळे उद्भवलेल्या खर्चाला कंपनी जबाबदार नाही, अशी एक अट होती. कृत्रिम अवयवांच्या दुरुस्तीचा खर्च मिळणार नाही, अशी दुसरी. त्या दोन्हींखाली तिने पेन्सिलीने रेघ मारली आणि सही केली. मला वाटलं, एवढ्या बारीक अक्षराशी आपल्याला काय करायचं आहे!

विमानतळावर मला काढायला लावलं. चपला, पट्टे, पाकिटं यांच्याबरोबर एका तबकात घालून मला यंत्राच्या बोगद्यातून पाठवलं. ती पलीकडे खुर्चीवर बसून वाट बघत होती, एका हाताने रिकामी सलवार धरून. मी बाहेर आलो तेव्हा तिने मला उचललं आणि तपासणाऱ्या पोरीला म्हणाली, "बघितलंस ना नीट? आत काही नाही. नुसती जिद्द आहे." पोरीला भाषा कळली नाही, पण ती हसली.

परदेशात पहिले दिवस सुखाचे गेले. दुकानाच्या वरच धाकटीचं घर होतं. अरुंद लाकडी जिना होता, त्यावर माझा आवाज फार घुमायचा. बहिणी बोलत बसायच्या आणि एकमेकींच्या आठवणी दुरुस्त करायच्या. "तो निळा फ्रॉक माझा होता." "तुझा कसला? माझा लहान झाला म्हणून तुला दिला." असं चालायचं.

मग एका सकाळी दोघी फुलांच्या घाऊक बाजारात गेल्या. मोठी छपराची जागा, ओली फरशी, पाण्याच्या बादल्यांत उभ्या फुलांच्या जुड्या. एका बाजूला मालाच्या गाड्या चढवायला उतार होता. क्लचबाई त्या उताराच्या पायथ्याशी एका खांबाजवळ उभी होती. धाकटी पलीकडे भाव करत होती.

वरून एक ढकलगाडी सुटली. चार चाकांची, लोखंडी, भरलेल्या बादल्यांनी गच्च. क्लचबाईने ती येताना पाहिली आणि सवयीने ओरडली, "ब्रेक! अहो, ब्रेक!" पण ब्रेक लावायला गाडीवर कुणी नव्हतंच. बाजूला व्हायला एका अंगाला खांब आणि दुसऱ्या अंगाला खोक्यांची चळत. ती जेमतेम वळली आणि गाडीची कड तिच्या उजव्या नडगीवर बसली.

तो आवाज मी ऐकला. सुकलेली फांदी मोडावी तसा.

मित्रांनो, आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं भांडण या एका क्षणावरून झालं. धडक बसली तेव्हा मी जागचा हललो नव्हतो. माझी टाच फरशीला धरून होती. उजवा पाय मोडला, शरीर त्या बाजूला कललं आणि ती खाली बसली. तिच्याबरोबर मीही आडवा झालो, हे खरं. पण तिला मी पाडलं नव्हतं.

ढकलगाडीवाला डोक्याला हात लावून धावत आला. पिकलेल्या दाढीचा, दांडगा माणूस. धाकटी फुलं टाकून धावली.

"ताई! ताई, काय झालं?"

"चांगला होता तो मोडला," क्लचबाई दात आवळून म्हणाली. "रडू नकोस. गाडी बोलाव."

दवाखान्यात मला काढून, पिशवीत घालून, भिंतीतल्या कपाटात ठेवण्यात आलं. कपाटाचं दार मात्र नीट लागत नव्हतं, त्यामुळे फटीतून मला खाट दिसायची. शल्यचिकित्सक उंच आणि कमी बोलणारे होते. ते सांगायचे आणि धाकटी ताईला आपल्या भाषेत समजवायची. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. तात्पुरतं प्लास्टर घातलं होतं, पण आत सळई घालायला हवी होती. फार थांबून चालणार नव्हतं. शस्त्रक्रियेचा खर्च विमा कंपनी देणार, असं कंपनीचं हमीपत्र मात्र दवाखान्याला आधी हवं होतं.

धाकटीने कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडचा आवाज मधाळ होता. "मॅडम, अजिबात काळजी करू नका. आम्ही तुमच्यासोबत आहोत." कागद मागवले, धाकटीने पाठवले. दोघींना हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याच मधाळ आवाजाचा फोन आला. या वेळी क्लचबाईने स्वतःच घेतला आणि धाकटीलाही ऐकू यावा म्हणून आवाज मोठा केला.

"मॅडम, तुमचा एक पाय कृत्रिम आहे ना?"

"हो. मीच सांगितलंय तुम्हाला."

"तर आमच्या तपासणीत असं दिसतंय की तुमचा तोल त्यामुळे गेला असावा. म्हणजे ही घटना जुन्या आजारात मोडते. त्यामुळे हमी देता येत नाही. आमचा सल्ला असा, की प्लास्टरवरच भागवा आणि मायदेशी परत या."



"अहो," क्लचबाई हळू म्हणाली, "मला गाडीने ठोकलं."

"हो मॅडम, पण दोन्ही पाय ठीक असते तर तुम्ही बाजूला होऊ शकला असता."

कपाटात माझ्या नळीला थंडी भरली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. मी, जो जागचा हललो नाही, तोच गुन्हेगार ठरलो. आणि माझं दुर्दैव असं, की मला तोंड नव्हतं.

क्लचबाईला मात्र होतं.

"तुमचं नाव काय ते राहू द्या. मला एवढंच सांगा, हे ठरवलं कुणी? डॉक्टरने?"

"आमच्या समितीने, मॅडम."

"समितीतल्या कुणी माझा पाय बघितला? मोडलेला नाही म्हणत मी, दुसरा."

"मॅडम, तुमची परिस्थिती मी समजू शकतो."

"परिस्थिती नका समजू. पाय समजा. आणि नकार मला लेखी पाठवा, कोणत्या अटीखाली दिला ते लिहून. तक्रार ऐकणारे तुमचे साहेब कोण आहेत, त्यांच्याशी मला बोलायचंय. मी फोन ठेवत नाहीये, तुम्ही जोडून द्या."

पलीकडे संगीत लागलं. ती वाजणाऱ्या फोनसमोर पाठ ताठ करून पडून राहिली. संगीत तुटलं की पुन्हा लावायची. प्रत्येक नव्या आवाजाला पुन्हा पहिल्यापासून सांगायची. शिकाऊ माणसाला दहाव्यांदा क्लच समजवताना लागायचा तोच तिचा आवाज होता: चढा, पण तुटलेला नाही.

इकडे शल्यचिकित्सक विमानाचं ऐकून चिडले. असा पाय घेऊन इतका लांबचा प्रवास केला तर रक्ताची गुठळी होऊ शकते, ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि लिहूनही दिलं.

धाकटीचा धीर सुटला. "ताई, मी दुकान गहाण टाकते. तू आधी बरी हो, भांडण मागून करू."

"दुकान नाही."

"अगं पण..."

"तुझं दुकान माझ्या पायाखाली घालायचं नाही. मी करार केलाय, खरं लिहून केलाय. त्यांनी तो पाळायचा. दया नकोय मला त्यांची."

"आणि तोवर तुला काही झालं तर?"

क्लचबाईने बहिणीचा हात धरला. मी तिला इतकी वर्षं ओळखतो. ती घाबरली होती. उजवा पायही नीट जुळला नाही तर पुढे काय, हा विचार तिच्या डोळ्यांत मी स्पष्ट पाहिला. पण ती म्हणाली ते असं: "उद्या संध्याकाळपर्यंत मला भांडू दे. नाही जमलं तर तुझं ऐकते. कबूल?"

धाकटी कामाला लागली. ती बाजारात जाऊन ढकलगाडीवाल्याला भेटली. तो मान खाली घालून म्हणाला, मला यात ओढू नका, माझी नोकरी जाईल. धाकटी रिकाम्या हाताने परतली आणि त्याला शिव्या घालू लागली. क्लचबाईने तिला थांबवलं. "त्याचंही पोट आहे गं. जबरदस्तीने बोलवलेला साक्षीदार शिकाऊ ड्रायव्हरसारखा असतो. भलत्याच वेळी गाडी बंद पाडतो."

पण दुसऱ्या दिवशी तो स्वतःच आला. हातात टोपी, अंगात धुतलेला शर्ट. दारातूनच धाकटीशी बोलू लागला आणि बोलताना एकदाही थांबला नाही.

"काय म्हणतोय?" क्लचबाईने विचारलं.

"म्हणतोय की रात्रभर डोळा लागला नाही. गाडीचा ब्रेक आधीपासून निकामी होता, त्याने वर सांगितलं होतं, कुणी लक्ष दिलं नाही. जिथे सांगायचं तिथे सांगतो म्हणतो." धाकटी ताईकडे वळली. "म्हणतो, बाई ओरडल्या ते मला कळलं नाही, पण त्या मला दोष देत नव्हत्या, हे कळलं."

"त्याला बसायला खुर्ची दे आधी," क्लचबाई म्हणाली.

दुपारी एकदाचा कंपनीच्या वरिष्ठ डॉक्टरांचा व्हिडिओ फोन आला. पडद्यावर एक पोक्त बाई होती, केस घट्ट बांधलेली, नजर करारी. तिने आधी शल्यचिकित्सकांना विचारलं, मग ढकलगाडीवाल्याला. धाकटी दोन्हीकडचं इकडून तिकडे पोचवत होती. डॉक्टरीणबाई लिहून घेत होती.

"गाडी आदळली हे मान्य," ती शेवटी म्हणाली. "प्रश्न एवढाच राहतो, की कृत्रिम पायामुळे तुम्हाला उभं राहताना अडचण येत होती का? तो पाय जुना आहे, असं दिसतंय."

"जुना आहे. अडचण नाही. दाखवते."

"म्हणजे?"

"धाकटे, तो कपाटातून काढ."

दार उघडलं. पिशवी सोडली. शल्यचिकित्सक पुढे झाले, नाही नाही म्हणाले. क्लचबाई त्यांच्याकडे वळली. त्यांची भाषा तिला येत नव्हती, म्हणून तिने एक बोट वर केलं. एकदाच. आणि मग हात जोडले. त्यांनी मोडलेल्या पायाचं प्लास्टर तपासलं, व्यायाम शिकवणाऱ्या मदतनिसाला हाक मारली आणि बोटाने बजावलं: मी सांगितलं की लगेच बसायचं.

तिने मोजा चढवला. एकही सुरकुती राहू दिली नाही. मग मी. वाटीत तिचा पाय बसला आणि दोन दिवसांनी मला पुन्हा माझं वजन मिळालं.

मदतनीस एका बाजूला, धाकटी दुसऱ्या बाजूला. उजवा पाय प्लास्टरमध्ये, जमिनीपासून वर. ती उठली.

आजवर तिचं अर्धंच वजन माझ्या वाट्याला येत असे. त्या क्षणी सगळं आलं. तिचं सगळं शरीर, सगळं दुखणं, शाळा, गाडी, बहीण, भीती. माझी नळी ताणली. टाचेच्या रबरात कुठेतरी बारीकशी चीर गेल्याचं मला जाणवलं. मी ठरवलं, काही झालं तरी वाकायचं नाही. माझ्यासारख्या वस्तूला ठरवता येतं का, असं तुम्ही विचाराल. मला माहीत नाही. पण मी वाकलो नाही.

"सोड," ती म्हणाली.

"ताई, वेड लागलंय का तुला?"

"हात सोड. जवळ उभी राहा, पण सोड."

धाकटीने हात सोडला. मदतनिसाने शल्यचिकित्सकांकडे पाहून हात हातभर दूर नेले. आणि क्लचबाई माझ्या एकट्याच्या आधाराने त्या खोलीत सरळ उभी राहिली. कपाळावरून घाम ओघळत होता. ती पडद्याकडे बघून बोलली.

"हा पाय म्हणजे माझा आजार, असं तुमच्या माणसाने सांगितलं. डॉक्टरीणबाई, आजार माणसाला झोपवतो. हा मला उभं करतो. अटीत हा बसत असेल तर दाखवा कुठे. मी सगळ्या अटी वाचल्यात."

"बसा," पडद्यावरची बाई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "बसा आधी. बसा."

शल्यचिकित्सकांनीच तिला खाली बसवलं.

डॉक्टरीणबाईने चष्मा काढला. "मी इतकी वर्षं कागदांवरून माणसं बघते," ती म्हणाली. "तुमच्या पायात काही दोष नाही, हे मला दिसलं. तसं लिहिते. हमी मिळेल. पण असं पुन्हा कधी करू नका."

"पुन्हा करायची वेळ आणू नका," क्लचबाई म्हणाली. मग हात जोडून, "आभारी आहे. मनापासून."

हमीपत्र त्याच संध्याकाळी आलं. सळई बसली. हाड जुळू लागलं. कंपनीने पुढचे सगळे खर्च चोख दिले, घरी परतताना विमानात पाय लांब करता येईल अशी जागाही दिली. बाजाराकडून नुकसानभरपाई मागायची होती, ती कंपनीने आपली आपण मागितली. ढकलगाडीवाल्याची नोकरीही टिकली. त्याच्याच सांगण्यावरून पुढे उतारावरच्या सगळ्या गाड्यांचे ब्रेक बदलले, असं धाकटी म्हणाली.

माझी टाच मात्र चिरली ती चिरलीच. धाकटी उसळून म्हणाली, "याचेही पैसे मागू या कंपनीकडे!"

"नाही," क्लचबाई म्हणाली. "दुरुस्ती मिळणार नाही, हे स्वच्छ लिहिलं होतं आणि मी सही केली होती. जे आपलं होतं ते भांडून घेतलं. जे नव्हतं त्यावर डोळा नको."

मित्रांनो, मला वाईट वाटलं नाही असं कसं म्हणू? पण ती खरं बोलत होती. जी बाई स्वतःच्या बाजूचा करार पाळते, तिलाच दुसऱ्याला पाळायला लावता येतो.

पुढचे कितीतरी आठवडे ती माझ्यावरच चालली. कुबड्या दोन, पाय एक, आणि तो मी. जो आयुष्यभर दुसरा मानला गेला, तो पहिला झाला. उजवा बरा होऊन जमिनीला टेकला त्या दिवशी तो लहान मुलासारखा लटपटत होता. मी मनात म्हटलं, ये बाबा, घाबरू नकोस, मी आहे.

घरी परतल्यावर चिरलेल्या टाचेवर गाडी शिकवणं धोक्याचं, म्हणून तिने नवा पाय करवला. तो हलका आहे, घोटा वाकवतो, रंगही बराच माणसासारखा आहे. मला त्याचा हेवा वाटतो, पण थोडाच. तिने मला टाकलं नाही. माझी नळी अजून मजबूत आहे, ती दुसऱ्या कुणाच्या पायात बसेल, असं कळल्यावर तिने मला शेवटचं पुसलं, कोरडं केलं आणि जुने पाय गोळा करणाऱ्या केंद्रात स्वतः नेऊन दिलं. तिथल्या बाईंना ती म्हणाली, "याने एकदा माझ्यासाठी साक्ष दिली आहे. जपून सुटा करा."

उद्या मला सुटं करणार आहेत. वाटी जाईल, पाऊल जाईल. नळी एका मूर्तिकाराच्या पायात बसणार आहे. तो उभा राहून काम करतो म्हणे.

जाण्याआधी तुमच्याकडे एवढंच मागतो. परक्या देशात जाल तेव्हा आपल्या शरीराबद्दल खरं सांगून जा आणि ज्यावर सही करता ते वाचून जा, म्हणजे वेळ आली तर ताठ मानेने भांडता येईल. जी वस्तू तुम्हाला सावरते तिला ओली ठेवू नका, कोपऱ्यात भिरकावू नका. आणि कुणाच्या हातात काठी, कानात यंत्र, डोळ्यांवर जाड भिंग किंवा सलवारीखाली माझ्यासारखा कुणी दिसला, तर ते त्या माणसाचं दुखणं आहे, असं चटकन म्हणू नका. आधी विचारा, हा तुम्हाला कुठवर घेऊन आला?